प्राथमिकच्या मुलांना मतदान कसं शिकवावं? (शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीच्या निमित्ताने)

कोरी पाटी

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट पन्नासच्या आत. दरवर्षी जुलैत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक घेतो. अर्ज, छाननी, माघार, चिन्हवाटप, प्रचार, मतदान, मतमोजणी, शपथविधी, सगळं रीतसर.

हल्ली मोबाइलवर मतदान यंत्राचं अ‍ॅप मिळतं. दोन मोबाइल जोडायचे. एकावरून सरांनी मत खुलं करायचं, दुसऱ्यावर मुलाने चिन्हासमोरचं बटण दाबायचं, मग तो लांबलचक आवाज. दारात रांग, बोटाला शाई, मुलं खूश. मीही हे सगळं करते आणि आवडीने करते. पण नंतर ‘काय शिकलात’ असं विचारलं की उत्तर येतं, बटण दाबायचं आणि शाई लावायची. मत का द्यायचं, कुणाला सांगायचं की नाही, हरलं तर काय, निवडून आल्यावर काय, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

यंदाचा प्रसंग सांगते. मुख्यमंत्रिपदाला उभ्या असलेल्या चौथीच्या एका मुलाने मतदानाच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. मला कळेपर्यंत गोळ्या पोटात गेल्या होत्या. मी तिसरी-चौथीला एकत्र बसवून विचारलं, आता काय करायचं? दुसऱ्या उमेदवाराची जिवलग मैत्रीण असलेली एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “बाई, मला तिलाच मत द्यायचं होतं. पण आता त्याची गोळी खाल्ली ना मी.”

घरी सगळे सांगतात, खाल्ल्या मिठाला जागावं. ती शिकवण चांगलीच आहे, ती खोटी असं मी तिला कसं सांगू? मोठ्यांच्या निवडणुकीत आदल्या रात्री पाकीट घेतलेली माणसंही नेमकं हेच बोलतात. मी तिला म्हटलं, आडोशामागे तू कुठलं बटण दाबलंस ते त्याला कळणार नाही, मलाही कळणार नाही, कुणालाच कळणार नाही. त्यावर ती म्हणाली, “पण मला तर कळेल ना?”

या प्रश्नाचं चांगलं उत्तर मला हवं आहे. शिवाय हरलेल्या मुलांचं काय करता, पहिली-दुसरीला किती झेपतं, तेही लिहा. इथे शिक्षक पुष्कळ आहेत, निवडणुकीच्या ड्युट्या केलेले पुष्कळ आहेत, पालक तर आहेतच.

घाटमाथा

“पण मला तर कळेल ना?” यावर झटकन काही लिहायची हिंमत होत नाही. वाचतेय. सवडीने येते.

जुना केंद्राध्यक्ष

बाई, नमस्कार. मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो. शिक्का-मतपेटीपासून व्हीव्हीपॅटपर्यंत (मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) सगळ्या काळात केंद्रावर काम केलं आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर इथल्या आयाबाया माझ्यापेक्षा चांगलं देतील. मी केंद्रावरच्या गोष्टी सांगतो, कारण शाळेच्या निवडणुकीत नेमक्या त्याच गाळल्या जातात.

गुप्तता मुलांना सांगून पटत नाही, मांडून पटते. मतदान कक्ष खोलीत कुठे लावायचा याच्या आम्हाला सूचना असतात. खिडकीशेजारी नको, दाराच्या तोंडावर नको, मागून कुणाची नजर जाईल असा नको. हे काम मुलांनाच द्या. खोक्याचा पुठ्ठा द्या, एकाला आत उभं करा आणि बाकीच्यांना सांगा, खोलीभर हिंडा, बाकावर चढा, खिडकीतून बघा, त्याचं बोट कुठे टेकलं ते दिसतंय का? दिसलं की आडोसा हलवायचा. पुन्हा बघायचं. ज्या पोराने स्वतः बाकावर चढून बघितलं आणि त्याला दिसलं नाही, त्याला ‘कुणालाच कळणार नाही’ हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरं, मतदान प्रतिनिधी. शाळेत उमेदवार असतात, मतदार असतात, अधिकारी असतात, पण उमेदवारांची माणसं केंद्रात बसलेली नसतात. खऱ्या केंद्रावर मतदान सुरू होण्याआधी या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान करावं लागतं. किमान ५० मतं टाकायची, निकाल काढून जुळवायचा, मग ती मतं यंत्रातून पुसायची, व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या बाहेर काढायच्या आणि यंत्र कोरं आहे हे दाखवायचं. मग मोहोर. मतदान अधिकारी मतदाराचं नाव मोठ्याने वाचतो तेही प्रतिनिधींच्या कानावर पडावं म्हणूनच. एकमेकांवर विश्वास नसलेली माणसं एका खोलीत बसून एका निकालाला मान्यता देतात, ती अशा पद्धतींमुळे. तुमच्याकडे प्रत्येक उमेदवाराचा एक प्रतिनिधी बसवा आणि रिकामी पेटी त्याच्या हातात देऊन उलटी करायला लावा.

तिसरं, रांग. वेळ संपली की रांगेत असलेल्यांना केंद्राध्यक्ष चिठ्ठ्या देतो, आणि त्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत येतो, म्हणजे मागून नवा माणूस शिरत नाही. चिठ्ठी मिळालेल्याचं मत वेळ संपल्यावरही घेतलं जातं. हे मुलांना करून दाखवा. त्यांना फार आवडतं आणि ‘रांगेत उभं राहिलेल्याचा हक्क बुडत नाही’ हे मनात बसतं.

आणखी एक. कागदी मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजायची सोय होती. यंत्रात केंद्रनिहाय आकडा दिसतो, त्यामुळे कुठल्या वाडीने काय केलं ते गावाला कळतं. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये टोटलायझर नावाच्या यंत्राचा प्रस्ताव दिला होता. त्याने अनेक केंद्रांची मतं एकत्रच मोजली गेली असती. ते वापरात आलं नाही. तुमच्या शाळेत मात्र चारही वर्गांच्या चिठ्ठ्या खिचडीच्या पातेल्यात ओतून आधी मिसळा. नाहीतर ‘दुसरीने आपल्याला पाडलं’ हे निकालाच्या आधीच सुरू होतं.

चिंचोके

पहिली-दुसरीच्या वर्गावर बरीच वर्षं आहे, म्हणून तेवढंच लिहिते. या वयाला खाती आणि मंत्री कळत नाहीत. त्यांना त्यांचाच प्रश्न द्या. शनिवारी शेवटच्या तासाला काय खेळायचं: लगोरी, खो-खो की आंधळी कोशिंबीर?

पावडरचे तीन रिकामे डबे घ्या, झाकणाला चीर पाडा, बाहेरून चित्र चिकटवा. दारात प्रत्येकाला एक चिंचोका. आत जाऊन हव्या त्या डब्यात टाकायचा. १९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत असंच होतं, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पहिलीच्या मुलालाही येत नाही, म्हणून त्याला ही पद्धत लगेच उमगते. चिन्हं कशासाठी असतात हे वेगळं समजावत बसावं लागत नाही.

एक गंमत सांगते. डबा रिकामा असला की चिंचोका टणकन वाजतो, थोडा भरला की आवाज बसतो. बाहेर रांगेतली पोरं कान लावून कुठला डबा ते ओळखायला लागली. मग मुलांनीच सुचवलं, तळाला फडकं घाला. जुन्या साडीचे तुकडे घातले आणि आवाज बंद झाला. केंद्राध्यक्ष सर म्हणतात तसंच आहे, गुप्ततेतली फट मुलांना आपल्याआधी सापडते. त्यांना शोधू द्यावी.

शाईला आम्ही जांभूळ वापरतो. आमच्याकडे तेव्हा झाडाखाली सडा असतो. डाव्या हाताच्या तर्जनीला नखावर आणि कातडीवर लावायचं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी स्वच्छ बोट दाखवून विचारतंच, “बाई, आता मी परत मत देऊ?” तिथून खऱ्या शाईची गोष्ट सांगायची. ती म्हैसूरच्या कारखान्यात तयार होते, १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात आहे, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीवर बसलं की साबणाने निघत नाही. ती खरी शाई मुलांच्या बोटाला लावायच्या फंदात मात्र पडू नका.

सावली

मी पालक आहे, पुण्यात राहते. जानेवारी २०२६ मधल्या महापालिका निवडणुकीला तिसरीतल्या मुलाला घेऊन गेले. केंद्रात मतदाराबरोबर फक्त कडेवरचं मूल नेता येतं, त्यामुळे तो बाहेर आजोबांजवळ थांबला. घरी येताना मी सांगितलं की चार बटणं दाबली. तो रस्त्यातच उभा राहिला. “चार? तूच म्हणतेस एका माणसाला एकच मत!”

त्याचं बरोबरच होतं. मग घरी बसून कागदावर काढून दाखवलं. आपल्या प्रभागात चार जागा आहेत, अ, ब, क आणि ड. प्रत्येक जागेसाठी वेगळे उमेदवार उभे, आणि प्रत्येक जागेला माझं एकच मत. मुंबईत एका प्रभागाचा एकच नगरसेवक, म्हणून तिथल्या मावशीने एकदाच बटण दाबलं. पुढचा प्रश्न आला: विधानसभेला काचेमागे चिठ्ठी दिसली असं तू सांगितलं होतंस, ती या वेळी होती का? नव्हती. विधानसभा-लोकसभेला व्हीव्हीपॅटवर सात सेकंद चिठ्ठी दिसते. महापालिका-ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे ते यंत्र लावलेलं नव्हतं. दोन वेगळे आयोग असतात हे त्याला सांगता यावं म्हणून मला आधी स्वतः वाचावं लागलं.

शाळांनी हे पालकांवरही सोपवावं. निवडणुकीच्या काळात संकल्पपत्रं घरी येतात, ‘आम्ही मतदान करू’ यावर पालकांची सही घ्यायची असते. ती सही पाच सेकंदांत होते. त्याऐवजी ‘तुमच्या पालकांना मतदान केंद्रावर काय काय दिसलं ते विचारून या’ एवढाच गृहपाठ दिला तर घरात अर्धा तास बोलणं होईल. कुणाला मत दिलं हे विचारायचं नाही, ही अट वहीच्या वरच लिहून द्यायची.

उंबरठा

माझं म्हणणं जरा वेगळं आहे, राग मानू नका. माझी मुलगी चौथीत असताना वर्गात निवडणूक झाली. तिला एक मत पडलं. ते कुणाचं हे सगळ्या वर्गाला कळलं. फळ्यावर नावासमोर एक उभी रेघ आणि बाकीच्यांच्या नावांपुढे गठ्ठेच्या गठ्ठे. ती आठवडाभर शाळेत जायला तयार नव्हती.

या वयात निवडून कोण येतं? जो बोलका आहे, ज्याचं घर बरं आहे, ज्याच्या वाडीची पोरं जास्त आहेत. हुशार पण बुजऱ्या मुलाला आपण सगळ्यांसमोर ‘तू कुणाला आवडत नाहीस’ हे आकड्यात सांगतो. पाळीपाळीने जबाबदारी द्या, सगळ्यांना मिळेल. मतदान सहावीनंतर शिकवा, तेव्हा नागरिकशास्त्रात स्थानिक शासन संस्था येतातच.

कोरी पाटी

@उंबरठा, राग कसला! हेच दुखणं मलाही आहे. पहिली-दुसरीला व्यक्तींवर मत घ्यायचंच नाही, खेळावर किंवा गोष्टीवर घ्यायचं, हे चिंचोकेताईंचं मला पटलं. लगोरी हरली तर लगोरी रडत नाही.

पण सहावीपर्यंत थांबणं नाही पटत. आमच्या गावातली मुलं सरपंचपदाच्या निवडणुकीत प्रचाराच्या गाडीमागे धावतात, घरातली कुजबुज ऐकतात, कोण कुणाकडून काय घेऊन आलं हे त्यांना माझ्याआधी कळतं. निवडणुकीचं शिक्षण त्यांना मिळतंच आहे. ते शाळेतूनही मिळावं एवढीच माझी तळमळ आहे.

जुना केंद्राध्यक्ष

आकडे लपवण्याला माझा विरोध राहील. मोजणी सगळ्यांसमोर आणि पूर्ण झाली पाहिजे. ‘बाईंनी सांगितलं म्हणून अमका जिंकला’ असं झालं तर पुढच्या वेळी प्रतिनिधी बसवण्याला काय अर्थ राहिला? पहिली-दुसरीपुरतं मान्य. तिसरीपासून आकडा फळ्यावर यावा.

उंबरठा

सर, तुमचा मुद्दा कळतो, पण तिसरीतलं मूल आठ वर्षांचं असतं. माझं मत कायम आहे.

थेम्सकाठ

इंग्लंडमधून लिहितेय. इथे आम्ही अजून भारतीय नागरिकच आहोत, तरी मत देतो. राष्ट्रकुल देशांच्या इथे राहणाऱ्या नागरिकांना मतदार यादीत नाव नोंदवता येतं. हे कळल्यावर पहिल्यांदा विश्वासच बसला नव्हता.

इथे यंत्र नाही. कागद, दोरीला बांधलेली पेन्सिल आणि फुलीची खूण. मतदान बहुतेक गुरुवारी असतं आणि पुष्कळ केंद्रं शाळांमध्येच असतात. मुलांना केंद्रात सोबत नेता येतं, फक्त फुली त्यांच्या हातून मारता येत नाही. लेक चौथीच्या वयाची असल्यापासून आमच्याबरोबर येते, कोपऱ्यात उभी राहून सगळं न्याहाळते.

उंबरठाताईंनी लिहिलं त्यावर एक सांगावंसं वाटतं. इथे निकाल जाहीर करताना त्या मतदारसंघातले सगळे उमेदवार मंचावर ओळीने उभे असतात. दोन-चारशे मतं मिळालेलाही असतो, आणि पंतप्रधानांच्या मतदारसंघात तर चित्रविचित्र कपडे घालून उभे राहिलेलेही असतात. अधिकारी प्रत्येकाचं नाव आणि आकडा वाचतो. जिंकलेला बोलतो आणि हरलेल्यांनाही बोलायला मिळतं. लेकीच्या शाळेत वर्ग प्रतिनिधी निवडताना बाईंनी यातूनच एक नियम घेतला. भाषणात ‘मी निवडून आले तर काय करीन’ याच्या जोडीला ‘नाही आले तर काय करीन’ हेही सांगायचं. लेक हरली. पण ‘वाचनकोपरा मी लावीन’ असं ती बोलून बसली होती, आणि तो तिने वर्षभर लावला. आकडा फळ्यावर होताच. त्या आकड्यापलीकडे तिच्याकडे काहीतरी काम होतं, एवढा फरक.

उंबरठा

हे मात्र आवडलं. मुलीला वाचून दाखवते, आता ती आठवीत आहे.

खापरपणजी

मतदानावर सगळे बोलताहेत, मी मतदार यादीवर बोलते. मुलांकडून यादी करून घेणं हा माझ्या मते सगळ्यात सकस भाग आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची तयारी चालू असताना देशभर याद्या केल्या गेल्या. उत्तर आणि मध्य भारतातल्या प्रांतांत पुष्कळ बायका स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की स्वतःच्या नावाशिवाय नोंद होणार नाही. जवळपास २८ लाख स्त्रियांची नावं त्यामुळे यादीतून गेली. कठोर होतं, पण पुढच्या निवडणुकीला बायकांनी नावं सांगितली.

हे मी मुलांना सांगते आणि घरून आजीचं पूर्ण नाव लिहून आणायला लावते. तिचं स्वतःचं नाव. पुष्कळांना ते माहीत नसतं. आजी म्हणजे ‘आजी’, किंवा गावाच्या तोंडी ‘अमक्याची आई’. एका मुलाची आजी त्याला म्हणाली होती, लग्नात बदललेलं सांगू की माहेरचं? त्याने दोन्ही लिहून आणली आणि वर्गात चर्चा रंगली की यादीत कुठलं घालायचं. आधारवर असेल ते, की तिला हवं ते?

त्याच कागदावर दुसरा रकाना ठेवायचा: पहिल्यांदा मत दिलं तेव्हा वय किती? आजोबांच्या पिढीत कुणी एकविसाच्या आत सापडत नाही, मुलं चक्रावतात. मग सांगायचं की ६१व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून वय अठरावर आलं. त्याही मागे गेलं तर इंग्रजांच्या काळात मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या आणि बहुतेकांना मतच नव्हतं. हा भाग खेळून दाखवायचा मोह होतो, पण तिथे जपा. ‘ज्याच्याकडे सायकल आहे त्यानेच मत द्यायचं’ असला खेळ गरीब मुलाला खरोखर लागतो. मी ‘पावसाळ्यात जन्मलेल्यांनाच मत’ असं करते. अन्याय तितकाच कळतो, कुणाचं घर उघडं पडत नाही.

बखळ

एक मुद्दा राहतोय. कशावर मत घ्यायचं *नाही* हेही शिकवायला हवं. माझ्या ओळखीच्या एका शाळेत वर्गाने मत घेऊन ठरवलं की अमक्या मुलाला खो-खोच्या संघात घ्यायचं नाही, कारण तो अडखळत बोलतो. हात वर झाले, बहुमत झालं, आणि मुलं शांतपणे म्हणाली, “सर, आम्ही लोकशाहीने ठरवलंय.” सरांनी ते तिथल्या तिथे रद्द केलं, ते बरं केलं. पण मुलांना वाटलं की सरांनी लोकशाही मोडली.

मतदान शिकवण्याच्या पहिल्याच दिवशी हे यायला हवं: कोणता खेळ खेळायचा हे बहुमताने ठरेल, कुणी खेळायचं नाही हे बहुमताने ठरणार नाही. त्यासाठी राज्यघटना आहे. चौथीच्या मुलाला मूलभूत हक्क हे शब्द नकोत, पण दाखला देता येतो. पोषण आहारात अंडी सुरू झाली तेव्हा अंडं न खाणाऱ्याला केळं मिळायचं. सगळ्यांनी अंडं खावं की केळं, यावर वर्गात मत घेतलं असतं तर? मुलं लगेच म्हणतात, असं कसं, ज्याला जे पाहिजे ते.

नियमात बसवा

मंत्रिमंडळाबद्दल थोडी तांत्रिक सूचना. बहुतेक शाळा मुख्यमंत्री थेट निवडतात. खरा मुख्यमंत्री आपण निवडत नाही, आपण आमदार निवडतो आणि ज्याच्यामागे बहुमत तो मुख्यमंत्री होतो. सरपंच मात्र आपल्याकडे सध्या थेट निवडला जातो. २०१७ ला सुरू झालं, २०२० ला बंद झालं, २०२२ पासून पुन्हा आहे. तेव्हा छोट्या शाळेने सरळ ‘शालेय ग्रामपंचायत’ करावी, थेट सरपंच आणि वर्गवार सदस्य. मुलांच्या डोळ्यांसमोरची संस्था आहे. महिलांना निम्म्या जागाही त्यात आपोआप येतात, आणि मुलं विचारतातच की या वर्षी सरपंच मुलगी का.

आणि प्रश्नोत्तराचा तास ठेवा. महिन्यातून एकदा परिपाठानंतर, मुलांनी विचारायचं, निवडून आलेल्यांनी उत्तर द्यायचं. हात धुवायच्या जागेवर साबण का नाही? स्वच्छतामंत्र्याला तो साबण कोण आणतो, पैसे कुठून येतात, शाळा व्यवस्थापन समितीत कुणाशी बोलायचं, हे शोधावं लागतं. मतदानाच्या दिवसापेक्षा मला हा तास मोलाचा वाटतो.

घाटमाथा

आले परत. त्या मुलीचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता, मग आईला विचारलं. ती ग्रामपंचायत सदस्य होती. आई म्हणाली, तिला सांग, उपकार फेडायचाच असतो, पण आपल्या पदरचं देऊन. त्याची गोळी खाल्लीस ना, मग उद्या तू त्याला तुझी गोळी दे. खोडरबर दे, डबा खायला घाल. मत तुझ्या एकटीच्या पदरचं नाही. ज्याला निवडशील तो टाकीत पाणी आहे का बघणार, आणि ते पाणी पहिलीची पोरंही पिणार. त्याच्या गोळीची फेड त्यांच्या पाण्यातून का करायची?

कोरी पाटी

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी हे सगळं जसंच्या तसं वर्गात सांगितलं. ती मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र घरून शेंगदाण्याचा लाडू आणून त्या मुलाला दिला. तिने मत कुणाला दिलं होतं ते मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. मुलांनी पुढच्या वर्षीच्या आचारसंहितेत स्वतः नियम घातला: प्रचारात खाऊ वाटायचा नाही, वाटायचाच असेल तर निकालानंतर, आणि सगळ्या उमेदवारांनी मिळून.

आडोसा, प्रतिनिधी, पातेलं, ‘नाही आलो तर काय करीन’, आजीचं नाव, प्रश्नोत्तराचा तास, एवढं पुढच्या जुलैसाठी वहीत उतरवलंय. शालेय ग्रामपंचायतीबद्दल सरांशी बोलते.

फडावरची शाळा

उशिरा आलोय धाग्यावर. मी बीड जिल्ह्यात आहे. आमच्याकडे वेगळीच अडचण येते, कुणाकडे उत्तर असेल तर सांगा.

जुलैत मंत्रिमंडळ निवडतो आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पटावरची किती तरी मुलं आईबापांबरोबर कारखान्याकडे जातात. एका वर्षी मुख्यमंत्री आणि पाणीमंत्री दोघंही गेले. २० नोव्हेंबर २०२४ ची विधानसभाही नेमकी टोळ्या निघायच्या दिवसांतच आली होती. गाडी आधी की मत आधी, हे घराघरांत चाललं होतं आणि पोरं ऐकत होती. त्यामुळे ‘गावी नसलेल्याचं मत कुठे जातं’ हा प्रश्न आमच्या वर्गात पुस्तकातून येत नाही.

रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक घ्यायची असं मी सुचवलं, नियमाला धरून. मुलांनी ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं, मुख्यमंत्री झालेली मुलगी काही राजीनामा देऊन गेलेली नाही, कामाला गेलीय, एप्रिलमध्ये येईल. मग ठरलं की कारभार उपमुख्यमंत्री बघेल, पद तिचंच राहील, आणि काय काय केलं ते वहीत लिहून ठेवायचं, म्हणजे आल्यावर तिला कळेल. तिकडे फडावर आईचा फोन लागला तर शनिवारी तिला विचारायचंही.

मला हे बरं वाटलं, पण पाणीमंत्र्याचं काम कुणीच अंगावर घेईना. टाकी कोण बघणार? तिथे तात्पुरता माणूस निवडावा, की कामाची पाळी लावावी? @नियमात बसवा, @जुना केंद्राध्यक्ष, तुम्ही काय कराल?

जुना केंद्राध्यक्ष

पाळी लावा. पद गेलेल्याच्याच नावावर राहू द्या. वहीत पाळीवाल्याचं नाव आणि तारीख रोज लिहायची, आणि त्या दिवशी टाकी भरली नाही तर प्रश्नोत्तराच्या तासाला त्यानेच उभं राहायचं.